पाच वाजताची दारं

३ जानेवारी, मंगळवार

आज पुन्हा नोकरीला लागलो. आमचं वर्तमानपत्र बंद पडल्यापासून हा दिवस उजाडेल असं वाटलं नव्हतं. अर्धं आयुष्य उपसंपादक म्हणून लोकांची वाकडी वाक्यं सरळ करण्यात गेलं, आता विद्यापीठाच्या देश-अभ्यास केंद्रात ग्रंथ-संपादक झालो. नाव मोठं, खोल्या दोनच. त्याही ग्रंथालयाच्या मागे. खिडकी उघडली की समोर भिंत. देशाचा अभ्यास करणाऱ्यांना बघायला भिंत द्यावी, यात विद्यापीठाचा काही हेतू असेल असं नाही, पण मला हसू आलं.

काम असं आहे: पाच विषयांचे पाच जाणकार मिळून आपल्याच देशातले लोक कसे राहतात, काय मानतात, का मानतात, हे शोधताहेत. त्यांनी लिहिलेल्या पाच प्रकरणांचा मी एक ग्रंथ करायचा. तीन एप्रिलला विद्यापीठाची समिती बसणार. ग्रंथ पसंत पडला तर केंद्र राहील. नाहीतर खोल्यांना कुलूप, पाचही जण आपापल्या विभागात परत आणि मी घरी.

केंद्राच्या प्रमुखांना सगळे 'बाई' म्हणतात. विषय मानवशास्त्र. साठीला आलेल्या, आवाज बारीक, बोलताना समोरच्याकडे न बघता टेबलाकडे बघतात. मी विचारलं, "एवढा मोठा देश पाच जणांच्या हाती कसा लागणार?"

"नाहीच लागत," त्या टेबलाला म्हणाल्या. "म्हणून आम्ही एक जिना धरलाय."

यंत्रांच्या कारखान्याने कामगारांसाठी बांधलेली एक चार मजली इमारत आहे. मजल्याला चार घरं, मधून एकच दगडी जिना. कारखान्यासाठी माणसं देशाच्या सगळ्या कोपऱ्यांतून आली, त्यामुळे डोंगरातले, समुद्राकाठचे, सपाटीवरचे, सगळे त्या एका जिन्यावर आहेत. केंद्राची मंडळी तीन वर्षं दर मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी तिथे जातात.

बाकी चौघांची नावं लक्षात राहीनात. मनातल्या मनात मी त्यांना विषयांनीच हाका मारायला लागलो: इतिहास, भूगोल, अर्थशास्त्र, भाषा. शाळेचं वेळापत्रकच झालं. फक्त खेळाचा तास नाही.

आमची ही शाळेत उपमुख्याध्यापिका. पाचला घरी येते. इतके महिने रोज येऊन दार ठोठावायची, कारण मी आतून कडी घालून बसलेला. दार उघडं दिसलं की शेजारी डोकावणार, "काय, लागलं का कुठे?" विचारणार. ते नको वाटायचं. आज म्हणाली, "चला, कडीला जरा विश्रांती मिळेल."

६ जानेवारी, शुक्रवार

आज जिना पाहिला.

पाचला पाच मिनिटं असताना पोचलो. बाहेरून इमारत म्हणजे काहीच नाही, धुरकट विटा, वाळत घातलेले कपडे, एका गॅलरीत उलटी टांगलेली सायकल. आत शिरलो आणि वरून खाली आवाज आला, कड्या निघण्याचा. एकेक करत सगळ्या मजल्यांवरची दारं उघडली. कोणी बाहेर आलं नाही, कोणी कोणाला हाक मारली नाही. नुसती दारं सताड उघडली आणि आतला उजेड जिन्यावर पडला. पायऱ्या एकदम पिवळ्या झाल्या.

माझ्या अंगावर काटा आला, हे मी लिहून ठेवतो. बातमीदारी केलेला माणूस, बारा गावचं पाणी प्यायलेला, मला सहसा काटाबिटा येत नाही.

"रोज?" मी कुजबुजलो.

"पाचला," बाई म्हणाल्या. "कोणी सांगत नाही, ठरवत नाही. आपोआप."

पहिल्या मजल्यावर एक काकू आहेत, कारखान्यातल्या फोरमनच्या विधवा. बोलायला खमंग. "आलात? बसा. हे नवीन दिसतात. बारीक आहेत, खात नाहीत का?" असं माझ्याकडे बघून बाईंना विचारलं. चहा आला. आम्ही सहा जण होतो आणि ट्रेमध्ये सहाच कप होते. हिशेब कसा जमतो कोण जाणे, घरात दोन माणसं. खुर्च्याही बाहेर मांडलेल्याच. या लोकांचं सगळंच असं सहज.

१७ जानेवारी, मंगळवार

आठवडाभर नुसता वाचतोय. डोकं भणभणलंय, पण चांगल्या अर्थाने.

भाषा ही त्यांच्यात सगळ्यात लहान, मुलगीच म्हणायची. तिच्या प्रकरणात एक गोष्ट आहे. या जिन्यावर कोणीही समोरच्याला हाक मारतो ती समोरच्याच्या बोलीतल्या नात्याने. डोंगरातली सून समुद्राकाठच्या म्हातारीला समुद्राकाठच्या शब्दाने आत्या म्हणते, आणि म्हातारी तिला डोंगरातल्या शब्दाने लेक म्हणते. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. एवढा एकच शब्द येतो. मी ते वाचून खुर्ची मागे सरकवली आणि समोरच्या भिंतीकडे बघत बसलो. पंचवीस वर्षं मी 'राष्ट्रीय एकात्मता' हा शब्द मथळ्यात बसवत होतो. तो बसायचा नाही, लांब पडायचा. हा असा एका शब्दात बसतो हे ठाऊकच नव्हतं.

अर्थशास्त्राने वेगळंच धरलंय. इमारतीत शिडी एकच, शिलाई यंत्र एकच, पाहुण्यांसाठी जास्तीची गादीही एकच, आणि या वस्तू कोणाच्या हे आता कोणालाच सांगता येत नाही. अर्थशास्त्र तसा उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस, तक्त्यांशिवाय बोलत नाही. पण इथे तोही लिहून बसलाय, "मालकी विरघळलेली दिसते."

आणि या पाच प्रकरणांखेरीज मधलं एक मोठं प्रकरण दारांचं. ते पाचांनी मिळून लिहिलंय, ग्रंथाचा कणाच तो. भूगोल म्हणतो, पाचला नदीकडचा वारा फिरतो आणि जिना धुराड्यासारखा हवा ओढतो, म्हणून दारं उघडतात. इतिहास म्हणतो, जुन्या मोठ्या संपात पोलीस आले की कामगार दिसेल त्या घरात शिरायचे, तेव्हापासून दारं उघडी राहिली. अर्थशास्त्र म्हणतो, ज्याचं दार उघडं त्याला उसनं मिळतं. भाषा म्हणते, "आत येऊ का?" हे या जिन्यावर कोणी विचारतच नाही. आणि बाईंनी उंबऱ्यावर लिहिलंय, घर कुठे संपतं आणि देश कुठे सुरू होतो यावर. ती पानं मी दोनदा वाचली आणि एकही स्वल्पविराम हलवला नाही. आमच्या जुन्या कचेरीत हे कोणाला सांगितलं तर पटणार नाही.

एक साधी कडी निघते आणि तिच्यामागे वारा, संप, उधारी, बोली, सगळा देश उभा. असं काही आपल्या आजूबाजूला असेल आणि आपण रोज त्याच्यावरून चालत गेलो असू, याचंच आश्चर्य वाटत राहतं.

१० फेब्रुवारी, शुक्रवार

हिला जेवताना दारांचं सगळं सांगितलं. मला वाटलं भारावेल. ती म्हणाली, "तुम्ही शनिवारी कधी गेलात का तिथे?"

"शनिवारी कशाला?"

"आमच्याकडे तपासणीला साहेब येतात ना, त्या दिवशी प्रत्येक वर्गात भिंतीवर तक्ते असतात. बागेला पाणी असतं. मुलं 'नमस्ते' म्हणतात. साहेब शेऱ्यात लिहून जातात, शाळेचं वातावरण प्रसन्न. दर वर्षी लिहितात."

मी म्हटलं, शाळा वेगळी, संस्कृती वेगळी. तिने भात वाढला आणि विषय सोडला. तिचा हा स्वभावच आहे, जिथे तिथे आपली शाळा आणायची.

२१ फेब्रुवारी, मंगळवार

संदर्भ तपासताना एक गंमत सापडली. दारांची ही पद्धत केव्हापासूनची, याला इतिहासाने तळटीप दिली आहे: पाहा, बाईंचं प्रकरण. बाईंच्या प्रकरणात तळटीप आहे: पाहा, इतिहासाचं प्रकरण. हा म्हणतो तो म्हणाला, तो म्हणतो हा म्हणाला.

इतिहासाला विचारलं. तो म्हणाला, "प्रत्यक्ष पाहणी बाईंची. मी संपाचा संबंध जोडला." बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "काळ ठरवणं इतिहासाचं काम, मी त्यात पडले नाही." भूगोल म्हणाला, वारा तर नेहमीचाच आहे. अर्थशास्त्र म्हणाला, त्याच्या प्रश्नावलीत 'दार का उघडं ठेवता?' होतं, 'केव्हापासून?' नव्हतं. आणि का, याला सगळ्यांनी एकच उत्तर दिलं होतं: बरं असतं.

समिती तोंडावर आलीय. मी 'दीर्घ काळापासून' असं घातलं. उपसंपादकाचा जुना उपाय. दीर्घ म्हणजे किती, हे वाचणारा विचारत नाही.

तरी मन खातंय थोडं.

१५ मार्च, बुधवार

काल चष्मा काकूंकडे राहिला. चष्म्याशिवाय मी म्हणजे शून्य, आणि ग्रंथ छपाईला द्यायचा आहे. म्हणून आज कामावरून सुटल्यावर एकटाच गेलो. पाच वाजून गेले होते.

जिन्यात अंधार. आधी वाटलं मी चुकीच्या इमारतीत शिरलो. मग उलटी सायकल आठवली, बाहेर जाऊन बघून आलो. तीच इमारत. सगळी दारं बंद. एका घरातून भांड्यांचा आवाज, एकातून खोकला, पण सगळं दाराआड.

काकूंचं दार ठोठावलं. कडी निघायला वेळ लागला.

"अगंबाई, तुम्ही? आज मंगळवार का?"

"बुधवार. चष्मा राहिला माझा."

"तरीच. मी म्हटलं माझाच वार चुकला. आज काही तयारी नाही हो, दारंसुद्धा बंद सगळ्यांची."

"पण पाच वाजून गेले की."

"वाजले की. पण तुम्ही लोक येणार नव्हतात ना!"

मी तिथेच खुर्चीत बसलो. म्हणजे खुर्ची नव्हती, काकूंनी आतून आणून दिली.

मग त्यांनी सांगितलं, चष्मा पदराने पुसत, काही विशेष सांगतोय असं न दाखवता. तीन वर्षांपूर्वी बाई पहिल्यांदा आल्या त्या एकट्या. कोणाचं दार वाजवावं हे त्यांना कळेना. पहिल्या मजल्यावर यायच्या, हात वर करायच्या आणि वाजवायच्याच नाहीत. जिन्यात उभ्या राहायच्या. अंधार पडला की निघून जायच्या. असं दोन-तीन वेळा झालं.

"मी फटीतून बघायची," काकू म्हणाल्या. "एवढी शिकलेली बाई, पण दार वाजवायला लाजते. माझ्या पोटात तुटलं हो. मग वरच्या मजल्यांवर निरोप दिला. म्हटलं मंगळवारी आणि शुक्रवारी पाचला दारं उघडीच ठेवा, म्हणजे बिचारीला वाजवायला नको. एवढंच."

"मग आम्ही इतक्यांदा विचारलं, का उघडं ठेवता? तुम्ही सांगितलं नाहीत?"

काकूंनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी उष्ट्या हाताने वाढायला निघालो होतो. "पाहुण्याला तोंडावर सांगायचं, तुमच्यासाठी करतो म्हणून? असं कोणी करतं का?"

चष्मा घेऊन आलो. बसमध्ये तो लावलाच नाही.

१६ मार्च, गुरुवार

हिला सांगितलं. ती हसेल, शाळा आणेल, म्हणून तयारीत होतो. ती हसली नाही. नुसतं म्हणाली, "काखेत कळसा."

मी कोणाला सांगितलेलं नाही. तीन एप्रिल जवळ आली. गप्प बसलो तर ग्रंथ होतो, केंद्र राहतं, पगार राहतो. काकू काही समितीपुढे येणार नाहीत. आणि खोटं असं मी काहीच लिहिलेलं नाही, 'दीर्घ काळापासून' एवढेच दोन शब्द.

ते दोनच माझे आहेत, बाकी ग्रंथ त्यांचा. नेमके तेच खोटे निघाले.

१८ मार्च, शनिवार

बाईंना सांगितलं. केंद्रात दोघंच होतो.

त्या टेबलाकडे बघत ऐकत होत्या. दार वाजवायला त्यांनी वर केलेल्या हाताचं मी सांगितलं तेव्हा त्यांचे कान लाल झाले. मला वाटलं, आता रडतील किंवा मला हाकलतील. मग पहिल्यांदाच माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "त्यांनी मला बघितलं होतं?"

"हो. फटीतून."

"मला वाटलं होतं, मी कोणाच्या लक्षातच आले नाही."

मी म्हटलं, आता काय करायचं. त्या उठून खिडकीशी गेल्या, भिंतीपुढे उभ्या राहिल्या. "प्रथा कुठून येतात हे विचारण्यात माझी सगळी नोकरी खर्ची पडली," त्या म्हणाल्या. "आम्ही नेहमी उशिरा पोचतो. सुरू करणारे केव्हाच मेलेले असतात. एखादी जन्मताना कोणी पाहत नाही. आणि ही आमच्या डोळ्यांदेखत जन्मली हो! सोळा घरांनी मिळून, एका लाजाळू बाईसाठी. आणि आम्ही पाच जण तिचं वय शोधत बसलो."

त्यांचा आवाज थरथरत होता, पण दुःखाने नाही. मला ते आधी कळलं नाही. मग कळलं, आणि मीही त्या भिंतीकडे बघत राहिलो.

२० मार्च, सोमवार

पाचांची बैठक. बाईंनी सगळं सांगितलं. दहा मिनिटं एकमेकांवर ढकलाढकली. इतिहास म्हणाला पाहणी कच्ची, भूगोल म्हणाला वारा तरी खरा आहे, अर्थशास्त्र प्रश्नावली चाळत राहिला. भाषा मात्र हसायलाच लागली आणि तिला थांबताच येईना.

इतिहास शेवटी म्हणाला, "बाई, समितीला कशाला सांगायचं? हात दाखवून अवलक्षण. पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू."

बाई टेबलाला म्हणाल्या, "मी सांगणार आहे."

३ एप्रिल, सोमवार

समिती. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश, भुवया जाड, ऐकताना डोळे मिटतात. बाईंनी मधलं प्रकरण स्वतःहून बाजूला काढलं आणि काकूंची गोष्ट सांगितली, फटीतून बघण्यासकट. इतक्या हळू बोलत होत्या की दोन सदस्य पुढे झुकले.

एका सदस्याने टेबलावर हात आपटला. "म्हणजे तीन वर्षं तुम्ही तुमचाच पाहुणचार मोजत होतात!"

"हो," बाई म्हणाल्या.

अध्यक्षांनी डोळे उघडले. "मला एकच सांगा. ही प्रथा आहे की पाहुणचार?"

"माहीत नाही."

"पाहुणा गेल्यावर जो टिकत नाही तो पाहुणचार. टिकली तर प्रथा." त्यांनी पेन खाली ठेवलं. "चार महिने तिथे कोणी जायचं नाही. त्यांना काम संपलं एवढंच सांगा, दुसरा शब्द नाही. मग तुमचे ते जुने वार सोडून भलत्याच वारी जा आणि बघा. दारं उघडी असतील तर तुम्ही खरोखर काहीतरी जन्मताना पाहिलंत, आणि केंद्र चालू राहील. बंद असतील तर तुमच्याकडे ग्रंथ नाही. बघायला हे संपादकही जातील. हे विद्वान नाहीत."

शेवटचं वाक्य त्यांनी स्तुती म्हणून म्हटलं, असं ही म्हणते.

तोवर केंद्राच्या खोल्या बंद. आम्ही घरून काम करायचं.

७ एप्रिल, शुक्रवार

बाई शेवटचं म्हणून जिन्यावर गेल्या, सगळ्यांचे आभार मानून आल्या. काकूंनी विचारलं, "आमचं काही चुकलं का?"

२६ मे, शुक्रवार

औषधाच्या दुकानात काकू भेटल्या. गुडघ्याचं मलम घेत होत्या. मला बघून तोंड फिरवलं, मग राहवलं नाही म्हणून पुन्हा इकडे वळल्या.

"काम संपलं की माणसंही संपली का हो?"

माझ्या जिभेच्या टोकाशी आलं होतं. काकू, पाचला दारं उघडी ठेवा, कृपा करून, ऑगस्टपर्यंत. एवढं एक वाक्य. त्यांनी ठेवली असती, निरोप सगळ्या मजल्यांवर गेला असता. बाईंचं केंद्र वाचलं असतं. त्यांनी माझ्यासाठी ते एका क्षणात केलं असतं, कारण आधीही त्यांनी तसंच केलं होतं.

मी म्हटलं, "मलम लावून शेक घ्या," आणि बाहेर आलो.

संध्याकाळी हिला सांगितलं. म्हणाली, "बोलला असतात तर मी तुम्हाला जेवायला वाढलं नसतं." मग पानात जास्त वाढलं.

१४ जुलै, शुक्रवार

नुसती बाकीची प्रकरणं घासतोय. मधल्या प्रकरणाची जागा रिकामी. दुपारी खोलीत कोंडल्यासारखं होतं म्हणून पाचच्या सुमाराला पुढचं दार उघडून बसतो, हवा येते. ही सरळ आत येते, पिशवी ठेवते. आज समोरचे आजोबा येऊन बसले, त्यांना पत्राचा मसुदा हवा होता. काल त्यांची सून आली, शाळेच्या प्रवेशाचं विचारायला. कामात व्यत्यय होतो थोडा. असो.

बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "बंद असली तरी चालेल." मग म्हणाल्या, "नाही चालणार."

९ ऑगस्ट, बुधवार

उशीर झालाय, पण आजच लिहायला हवं.

पाचच्या आधी इमारतीच्या कोपऱ्यावर बाई आणि मी भेटलो. दारात एक टेंपो उभा होता, कोणीतरी राहायला येत होतं. कपाट वर नेणारे हमाल आम्हाला बाजूला व्हा म्हणाले. आम्ही त्यांच्या मागोमाग शिरलो आणि तळाच्या पायरीशी उभे राहिलो.

अंधार होता. बाईंनी कठडा धरला. मी त्यांच्याकडे बघितलं नाही, बघवत नव्हतं.

मग वर कुठेतरी एक कडी निघाली. मला वाटलं हमालांसाठी. मग दुसरी. मग आमच्या डोक्यावर, मग उजवीकडे, एकापाठोपाठ एक, आणि पायऱ्या खालपर्यंत पिवळ्या झाल्या.

कोणी आमच्याकडे बघितलं नाही. कोणाला आम्ही यायची अपेक्षाच नव्हती. खुर्च्या मांडलेल्या नव्हत्या, कपांचा ट्रे नव्हता. डोंगरातली सून वाटीत काहीतरी घेऊन समुद्राकाठच्या म्हातारीच्या घरात शिरली, न विचारता. तिसऱ्या मजल्यावरून कोणीतरी शिडी कुठे आहे म्हणून ओरडलं आणि दुसऱ्यावरून उत्तर आलं. बुधवार होता. मी दोनदा घड्याळातला वार बघितला.

पहिल्या मजल्यावर काकूंच्या शेजारच्या घरात ते नवीन बिऱ्हाड लागत होतं. नवरा कपाटामागे अडकलेला, बायको तरुण, घामाघूम. तिने सामान आत घेतलं आणि दार लोटलं. लगेच काकूंचा आवाज आला.

"अगं ए, दार नको लावूस. आमच्याकडे पाचला दारं लावत नाहीत."

"का हो?"

"का म्हणजे? पद्धत आहे. पूर्वीपासूनची. माझ्या सासूबाईंच्या काळापासून."

मी वर बघितलं. काकूंच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. पापणीही हलली नाही. मलम घेताना रुसलेल्या, फटीतून बघणाऱ्या, वर निरोप पाठवणाऱ्या त्याच काकू. त्यांना तेच आठवत होतं, सासूबाईंच्या काळापासूनचं.

बाईंचा हात माझ्या दंडावर होता. त्या दोन पायऱ्या चढल्या आणि थांबल्या. तीन वर्षांपूर्वी जिथे उभ्या राहायच्या, बहुधा तिथेच. एवढं सगळं झाल्यावरही कोणाच्या घरात शिरावं हे त्यांना कळत नव्हतं.

तेवढ्यात ती नवी मुलगी कपाळ पुसत बाहेर आली. आम्हाला ती ओळखत नव्हती. आम्ही कोण, कशाला आलो, काहीच तिला माहीत नव्हतं. तिला या इमारतीतली एकच गोष्ट माहीत होती, तीही आत्ताच कळलेली.

"जिन्यात का उभ्या तुम्ही?" ती बाईंना म्हणाली. "या ना आत. दार उघडंच असतं इथे."

बाई आत गेल्या.

घरी आलो तेव्हा साडेसात झाले होते. आमचं पुढचं दार सताड उघडं. आत ही आणि समोरची सून गप्पा मारत बसलेल्या. मी म्हटलं, "अंधार पडला, कडी नाही लावलीस?"

"आपल्याकडे पाचला कधी लावतात?" ती म्हणाली, आणि ताट घ्यायला उठली.

खरंच. कधी लावायचो, आठवेना.